'आशियाई नाटो': वेरूळच्या गढीवरून

वेरूळ म्हणजे मालोजीराजे भोसल्यांच्या पाटिलकीचं गाव. इथून खुलताबाद अगदी जवळ. मुघलांना आयुष्यभर झुंजवणारा मलिक अंबर आणि दख्खन गिळणारा औरंगजेब, दोघांच्याही कबरी तिथेच. जपानचे नेते शिगेरू इशिबा यांनी 2024 मध्ये 'आशियाई नाटो'ची, म्हणजे आशियातल्या नाटोसारख्या संरक्षण युतीची, कल्पना मांडली, तिच्याबद्दलचे गैरसमज तपासायला, दख्खनच्या शेजारी सत्तांची फाटाफूट आठवून देणारी ही जागा चांगली.

गैरसमज: शत्रू एक असला की शेजारी आपोआप एकत्र येतात.
वस्तुस्थिती: 1624 साली भातवडीला निजामशाहीवर मुघल चालून आले, तेव्हा विजापूरची आदिलशाही त्यांच्या सोबत होती. निजामशाहीचा मलिक अंबर जिंकला. त्याच्या बाजूने मालोजींचे पुत्र शहाजीराजे लढले, त्यांचे बंधू शरीफजी मात्र कामी आले. 1636 मध्ये मुघल आणि आदिलशाहीने निजामशाही वाटून घेतली. अखेर 1686 मध्ये विजापूरही मुघलांनी घेतलं आणि पुढच्याच वर्षी गोवळकोंडा. आजही चीनशी भांडणाऱ्या फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि मलेशियाचे दक्षिण चीन समुद्रातले दावे एकमेकांतही अडकलेले आहेत.

गैरसमज: आशियात अशी युती कधी झालीच नाही.
वस्तुस्थिती: 1954 मध्ये मनिलाला झालेल्या करारातून 'सीटो' ही संरक्षण युती उभी राहिली. तिच्या आठ सदस्यांत आशियाई देश तीनच: पाकिस्तान, थायलंड, फिलिपिन्स. 1971 च्या युद्धात ती पाकिस्तानसाठी लढायला उतरली नाही. 1977 मध्ये ती विसर्जित झाली.

गैरसमज: नाटोत एकावर हल्ला झाला की सगळ्यांना सैन्य धाडावंच लागतं.
वस्तुस्थिती: कलम 5 नुसार मदत करणं बंधनकारक आहे, पण ती कोणती, हे प्रत्येक देश ठरवतो. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, 2001 मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर.

गैरसमज: 'क्वाड' हीच आशियाई नाटो.
वस्तुस्थिती: भारत, जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या या गटाला ना संरक्षण करार आहे, ना संयुक्त लष्करी कमांड. इशिबांच्या कल्पनेलाही परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी नकारच दिला. भारत कधीच कुणाचा करारबद्ध लष्करी मित्र नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा नजीकच्या काळात आशियाई नाटो उभी राहणं अवघड. संयुक्त सराव, शस्त्रव्यवहार, दोघा-तिघांचे करार वाढत राहतील. पण शेजाऱ्यावर हल्ला झाला तर मदतीला जायचं बंधन कागदावर येत नाही, तोवर त्यांना युती म्हणू नये.