लाल ठिपका कशावर बसतो?

आज चापाविषयी लिहीन असं गेल्या आठवड्यात म्हटलं होतं. चाप एक आठवडा पुढे ढकलतो, कारण डॅलसजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

त्यांनी ग्लॉक 19 जेन5 एमओएस घेतलं. त्यावर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याची साइट, बसवली आणि 25 यार्डांवर झिरो केली, म्हणजे ठिपका जिथे तिथेच गोळी लागेल अशी जुळवली. चार आठवडे सगळं छान चाललं, मग गोळ्या डावीकडे लागायला लागल्या. त्यांनी क्लिक फिरवून ठिपका जागेवर आणला. दोन रविवारांत तो पुन्हा सरकला. दुकानदार म्हणाला, साइट खराब निघाली. नवी आणली, तीही डावीकडेच. आता ते विचारतात, पिस्तूलच बदलू का?

मी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं: मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, मग साइट उतरवा. खालची पट्टी तशीच राहू द्या आणि अंगठ्याच्या नखाने ती बाजूला ढकलून बघा. पट्टी हलली. साइट दोन्ही वेळा निर्दोष होती आणि पिस्तूलही. ढिलं होतं ते या दोघांच्या मधलं, ज्याच्याकडे खरेदी करताना कुणी बघत नाही.

आजचा अख्खा भाग मी या पट्टीला देणार आहे. कॅरी, म्हणजे रोज कंबरेला बाळगणं, आणि स्पर्धा अशा दोन्हींसाठी एकच कॉम्पॅक्ट पिस्तूल निवडायचं असेल, तर मूठ, चाप, मॅगझिन यांच्या आधी हा सांधा बघावा असं माझं ठाम मत आहे. दरवाजा सागवानी असला तरी तो बिजागरीवरच लटकतो.

खोक्यावर ‘ऑप्टिक्स रेडी’ छापलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीमागे स्लाइडचा माथा कारखान्यातच खाली कापलेला आहे. पूर्वी हे काम गनस्मिथकडे व्हायचं. स्लाइड त्याच्याकडे पाठवायची, तो तुमच्या साइटच्या मापाने ती मिल करून द्यायचा आणि साइट थेट पोलादात बसायची. 2015 मध्ये ग्लॉकने आपल्या लांब मॉडेलांवर एमओएस ही रचना आणली, पुढच्या वर्षी 17 आणि 19 वर. 2017 च्या जानेवारीत अमेरिकन लष्कराने सिगचं पिस्तूल निवडलं, त्याच्याही स्लाइडवर मागे साइटसाठी काढता येणारी पट्टी होती. त्यानंतर हा काप असलेली पिस्तुलं बाजारात झपाट्याने वाढली.

अडचण अशी की साइटचे तळ एकसारखे नाहीत. ट्रिजिकॉन आरएमआरचा तळ वेगळा, ल्युपोल्डच्या डेल्टापॉइंट प्रोचा वेगळा, जुन्या डॉक्टर साइटचा वेगळा, बारीक पिस्तुलांसाठीच्या शील्डचा आणखी वेगळा. प्रत्येकासाठी वेगळी स्लाइड कापणं कारखान्याला जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी सर्वांना पुरेल असा ऐसपैस खड्डा कापला आणि वर बसवायला निरनिराळ्या पट्ट्या दिल्या. ग्लॉकच्या खोक्यात अशा चार असतात. स्लाइडवर पट्टी दोन स्क्रूंनी, पट्टीवर साइट आणखी दोन स्क्रूंनी. एका सांध्याचे दोन झाले.

आता थोडं गणित, कारण याच्याशिवाय पट्टीचं महत्त्व मनावर ठसत नाही. आरएमआरचा तळ साधारण साडेचार सेंटिमीटर लांब असतो. त्यातला 4 सेंटिमीटर भाग पट्टीला टेकतो असं धरू. साइटचं पुढचं टोक 0.1 मिलिमीटर उचललं गेलं, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाचा एक थर खाली सरकला, तर 25 मीटरवर गोळी सव्वासहा सेंटिमीटर खाली लागेल. पट्टीला तेवढाच खेळ आडवा मिळाला आणि साइट त्या अंगाने फिरली, तर तेवढीच चूक डावी-उजवीकडे. यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या पुठ्ठ्याच्या टार्गेटवरचा ए झोन जेमतेम 15 सेंटिमीटर रुंद असतो, मध्यापासून कडेपर्यंत साडेसात. म्हणजे तुमचा हात, श्वास, चाप सगळं बिनचूक असूनही त्या एका कागदापायी निम्म्याहून जास्त मोकळीक आधीच संपलेली असते. नऊ एमएम काडतूस सहसा मायनर पॉवर फॅक्टरमध्ये, म्हणजे कमी जोराच्या गटात, खेळतं. तिथे ए ला 5 गुण, सी ला 3, डी ला 1. सरकलेला ठिपका थेट गुणांतून वजा होतो.

पट्टी ढिली का होते? गोळी सुटली की स्लाइड झपाट्याने मागे जाते, थडकते, उलट फिरते आणि पुढे येऊन पुन्हा थडकते. साइट तिच्या पाठीवर बसलेली, पण जडत्वाने ती होती तिथेच राहू पाहते. एका गोळीला दोन हिसके. स्क्रूचं काम खाली दाबून धरण्याचं. आडवा हिसका त्याने सोसावा अशी अपेक्षाच चुकीची. तो सोसायला पट्टीवर उंचवटे असतात. आरएमआरच्या तळाला पुढे दोन गोल खळगे आहेत, त्यांत पट्टीवरचे दोन खुंट बसतात. खुंट घट्ट असतील तर हिसका ते घेतात आणि स्क्रू सुखात राहतो. त्यांत खेळ असेल तर प्रत्येक गोळीला साइट केसभर पुढे-मागे होते आणि स्क्रू आट्याआट्याने सुटत जातो. मूळची पट्टी पातळ, त्यामुळे तिच्यात स्क्रूला धरायला मोजकेच आटे मिळतात. म्हणून ग्लॉकच्या एमओएसवर मी खोक्यातली पट्टी ठेवत नाही. वेगळ्या कंपन्या एकाच साइटच्या मापाची जाड स्टीलची पट्टी करतात, ती स्लाइडच्या खड्ड्यात ठोकून बसल्यासारखी बसते. पैसे जातात, पण या पिस्तुलावर याहून चांगला खर्च मला माहीत नाही.

स्क्रूच्या लांबीविषयी एक बाब नीट बघण्यासारखी आहे. ग्लॉकची स्लाइड उलटी करून उजव्या बाजूला बघा. एक्स्ट्रॅक्टरला दाबून धरणारा दांडा एका लांब बारीक भोकातून मागून पुढे येतो. उजवीकडच्या स्क्रूचं भोक नेमकं त्या भोकाच्या माथ्यावर आहे. स्क्रू एखादा आटा जरी लांब असला तरी त्याचं टोक त्या दांड्यावर टेकतं. मग एक्स्ट्रॅक्टर अडखळतो, पुंगळी बाहेर पडत नाही, आणि माणूस काडतुसाला किंवा मॅगझिनला दोष देत बसतो. साइट बसवल्यावर एक्स्ट्रॅक्टर बोटाने बाहेर ओढून सोडावा. तो झटकन परत यायला हवा. आळसावल्यासारखा आला तर स्क्रू लांब आहे असं समजा.

बसवण्याची रीत सांगतो. आटे, खड्डा, पट्टीची दोन्ही अंगं अल्कोहोलने पुसून कोरडी ठणठणीत करावीत. कारखान्यातून आलेल्या भागांवर तेल असतं आणि तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही. थ्रेडलॉकर निळा, लाल नव्हे; लाल लावलात तर पुढे स्क्रू काढताना त्याचं डोकं झिजेल. पाना टॉर्कचाच हवा. ‘हाताला घट्ट लागलं’ हे माप प्रत्येक हाताचं वेगळं असतं. आरएमआरच्या स्क्रूंना ट्रिजिकॉन 12 इंच-पौंड सांगते, म्हणजे साधारण 1.4 न्यूटन-मीटर. ऐकायला फारच कमी वाटतं, पण एवढ्या बारीक स्क्रूला तेवढंच सोसतं. पट्टीच्या स्क्रूंचं माप तिच्या कंपनीच्या पत्रकात बघावं. मग दिवसभर पिस्तूल तसंच ठेवावं. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून थेट पट्टीवर किंवा साइटवर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ मोडली तर स्क्रू फिरला, इतकं सोपं. डॅलसच्या वाचकांनी पट्टीच्या स्क्रूंवर ही रेघ ओढली असती, तर पहिली साइट उतरवताच ती मोडलेली दिसली असती आणि दुसऱ्या साइटचे पैसे वाचले असते. पण साइट न उतरवता ही रेघ दिसत नाही, वर साइट बसल्यावर ती झाकली जाते. म्हणून पट्टी-साइट जोडीत खालचा सांधा नेहमी अंधारात राहतो, आणि थेट कापलेल्या स्लाइडला मी झुकतं माप देतो ते याच कारणाने.

कोल्हापूरहून एका वाचकाने विचारलं आहे की हा लाल ठिपका इतका सोयीचा, तर नेमबाज राही सरनोबतच्या पिस्तुलावर तो का दिसत नाही? कारण आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पिस्तूल प्रकारांत उघडी साइटच चालते. भिंग, प्रकाश, ठिपका काही नाही. 25 मीटर पिस्तूल प्रकारात पॉइंट टू टू चं पिस्तूल, पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर. त्या अंतरावर माशी पाव मिलिमीटर बाजूला गेली तर गोळी टार्गेटवर जवळजवळ 28 मिलिमीटर सरकते. प्रिसिजन टप्प्यातलं दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे पाव मिलिमीटरमध्ये दहा हातचा जातो. हे सांभाळून राहीने 2013 मध्ये चांगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण घेतलं आणि 2018 मध्ये पालेमबांगला एशियाडचं. ग्लॉक 19 वर माशी आणि खाच यांत फक्त 153 मिलिमीटर अंतर आहे. तिथे पाव मिलिमीटरची चूक 25 मीटरवर चार सेंटिमीटर होते. कॉम्पॅक्ट पिस्तुलाला ठिपक्याचा फायदा मोठ्या पिस्तुलापेक्षा जास्त होतो तो यामुळे: ठिपक्याला माशी-खाचेचं अंतरच नाही, नजर टार्गेटवर ठेवायची आणि ठिपका तिथे आणायचा. चाळिशीनंतर ज्यांना माशी धूसर दिसते त्यांना तर हे वरदानच. त्याच वाचकांना एवढंही सांगतो की भारतात नऊ एमएम पॅराबेलम सामान्य परवानाधारकाला मनाई असलेल्या बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे या लेखमालेतली खरेदीची सगळी चर्चा अमेरिकेपुरती समजावी.

आता कॅरी आणि स्पर्धा. दोन्हीकडे सांधा तोच, पण त्याची परीक्षा वेगळी. कॅरीत गोळ्या कमी झडतात, मात्र रोजचा घाम, कपड्याची लव, गाडीतली उष्णता यांचा मारा असतो. आमच्या ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात एसीतून बाहेर पाऊल टाकलं की काच धुरकटते. उघड्या साइटमध्ये ठिपका पाडणारा दिवा मोकळा असतो. त्यावर लवेचा एक धागा बसला की ठिपका फुटतो. ॲक्रोसारख्या बंद साइटमध्ये ती भीती नाही, शिवाय तिला खाली आडवा उंचवटा असून साइट बाजूने पकडीने आवळली जाते. आरएमआर टाइप 2 मध्ये बॅटरी तळाशी आहे. ती बदलायला साइट उतरवावी लागते आणि पुन्हा चढवल्यावर झिरो तपासावाच लागतो. होलोसन 507सी आरएमआरच्याच तळावर बसते, पण तिची बॅटरी बाजूच्या खणात असते. कॅरीसाठी मला हा खण मोलाचा वाटतो, कारण चांगला बसलेला सांधा विनाकारण उघडावा लागत नाही. आणि उंच माशी-खाच लावून घ्याच. ठिपका विझला तर ती कामाला येते. एरवीही ठिपका माशीच्या टोकावर दिसायचा तो तिथेच दिसतो का, हे रोज घरातून निघण्यापूर्वी एका नजरेत कळतं.

स्पर्धेत उलट. यूएसपीएसएच्या कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजनमध्ये साइट स्लाइडवरच हवी, कॉम्पेन्सेटर चालत नाही आणि मॅगझिन 141.25 मिलिमीटरपर्यंत लांब चालतं. ग्लॉक 19 मध्ये 17 ची मॅगझिनं बसतात आणि वर एक्स्टेन्शनही लावता येतं, त्यामुळे आखूड मुठीचा तोटा तिथे बराचसा भरून निघतो. खरा फरक गोळ्यांच्या संख्येचा. मॅच आणि सराव मिळून एका मोसमात पिस्तूल जेवढं धडधडतं, तेवढं नुसतं कॅरी करणाऱ्याचं कित्येक वर्षांत होत नाही. ढिली पट्टी मॅचमध्ये उघडी पडते आणि कंबरेला तशीच लपून राहते. म्हणून माझा आग्रह आहे की जे पिस्तूल तुम्ही कंबरेला लावता, त्याच साइटसकट, त्याच पट्टीसकट, त्याच काडतुसांनी ते आधी मॅचला न्या. घरी एक आणि रेंजवर दुसरं असं करणाऱ्याला आपल्या कॅरीच्या सांध्याची खरी खबर कधीच लागत नाही.

नव्या पिस्तुलांत मला सगळ्यात आशादायक वाटतो तो स्प्रिंगफील्डच्या एशेलॉनचा मार्ग. 2023 मध्ये आलेलं हे पिस्तूल क्रोएशियात तयार होतं. त्याच्या स्लाइडमध्ये पट्टी नाही. बदलता येणारे खुंट आहेत, साइटच्या तळाप्रमाणे ते निवडायचे, आणि साइट थेट स्लाइडवर टेकते. दोनाचा पुन्हा एक सांधा झाला. ग्लॉक 19 चं वय, सुट्या भागांची रेलचेल आणि होल्स्टरांची निवड याच्याजवळ अजून नाही, पण सांध्याच्या बाबतीत कारखान्यातून निघालेलं एशेलॉन कारखान्यातून निघालेल्या एमओएसच्या पुढे आहे. ग्लॉक 19 घ्यायचंच असेल तर घ्या, मीही तेच वापरतो. फक्त किंमत मोजताना स्टीलची पट्टी आणि टॉर्कचा पाना त्यात धरा.

डॅलसच्या वाचकांना: पिस्तूल बदलू नका, पट्टी बदला, आणि जुनी साइट परत करायची मुदत असेल तर ती आजच करा. बाकीच्यांनी येत्या रविवारी रेंजवर जाण्याआधी रिकाम्या पिस्तुलावरची आपली रेघ बघावी. रेघच नसेल तर ओढावी. पुढच्या आठवड्यात चाप, नक्की.