जामखेडची साक्ष

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाज एक टक्काही नाही. एवढ्याशा समाजाचा भोवतालावर चांगला परिणाम व्हायचा तर कसा, या प्रश्नाचं उत्तर बहुधा शाळा, दवाखाने आणि अनाथाश्रमांची नावं सांगून दिलं जातं. या संस्थांचे उपकार मोठे आहेत, ते कुणी नाकारू नयेत. पण इमारत उभी राहिली की परिणाम झालाच असं नाही. आपल्या हातातलं ज्ञान आणि मान ख्रिस्ती माणूस ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्या हाती देतो का, यावर परिणाम ठरतो, असं माझं मत आहे. त्याचा पुरावा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं श्रद्धाळू जोडपं. वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की, बरा होऊन गेलेला रुग्ण काही दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत येतो, कारण दुखण्याचं मूळ गावातच असतं: गढूळ पाणी, उपासमार, बाळंतपणातली अस्वच्छता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. लोकांना औषधांआधी अन्न-पाणी हवं होतं. डॉक्टरांनी ते ऐकलं. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात रुळेनात, तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, अनेक जणी दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकून गावी परतत. बाळंतपणात ब्लेड आणि दोरा उकळून घ्यायचा, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, कुष्ठरोग्याला घराबाहेर न काढता उपचार द्यायचे, हे ज्ञान आता डॉक्टरांपुरतं उरलं नाही. कूपनलिकांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या दलित वस्तीत खोदण्याचा आग्रह आरोळ्यांनी धरला. पाणी हवं तर सवर्णांनाही तिथंच यावं लागलं. अस्पृश्यतेविरुद्धची किती व्याख्यानं या एका हातपंपाची बरोबरी करतील?

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. शतक संपता संपता हा आकडा तिसाच्या खाली आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५च्या आपल्या पुस्तकात जामखेडचा अनुभव जगापुढे मांडला, तर १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप धर्मांतराचा. सेवा हे आमिष असतं, असं म्हटलं जातं, आणि दुष्काळातल्या धान्याबरोबर बाप्तिस्मा आल्याच्या आठवणी इतिहासात आहेत, त्यामुळे हा संशय हवेतला नाही. म्हणूनच ख्रिस्ती माणसाने इथे काटेकोर असायला हवं. जामखेडला उपचारासाठी कुणाची श्रद्धा तपासली गेली नाही. बहुतेक आरोग्यसेविका आपापल्या धर्मातच राहिल्या. शोमरोनी माणसाच्या दृष्टांतात तरी काय आहे? रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला तो धर्म विचारत नाही, आणि येशूने त्यालाच खरा शेजारी ठरवलं. बदल्यात काही मागणारी सेवा मुळात या शिकवणुकीच्या विरुद्ध जाते.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी, आनंदवनात बाबा आमट्यांनी असंच काम ख्रिस्ती न होता केलं, मग यात ख्रिस्ती ते काय? उत्तर सरळ आहे: चांगुलपणाची मक्तेदारी ख्रिस्ती श्रद्धेने सांगूच नये. गुरूने शिष्यांचे पाय धुतले, ही कथा ज्याला पवित्र आहे, त्याला शिकलेल्या डॉक्टरने निरक्षर बाईच्या शेजारी जमिनीवर बसणं कर्तव्य वाटायला हवं, एवढाच तिचा अर्थ. तेच काम दुसरा कुणी दुसऱ्या प्रेरणेने करत असेल तर त्याच्या खांद्याला खांदा लावावा.

तिसरी गोष्ट समाजाला आतून टोचणारी आहे. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. ज्या मंडळीत जात बघून सोयरीक जमते आणि पंच निवडले जातात, तिने बाहेरच्या जगाला समतेचं काय शिकवायचं? जामखेडचा परिणाम झाला, कारण तिथं समतेचा नियम आधी घरच्यांना लागू होता.

मंडळ्यांकडे आज जमिनी आहेत, शाळा आहेत, शिकलेली तरुण मुलं आहेत. पुढच्या वार्षिक सभेत नव्या इमारतीचा ठराव मांडण्याआधी आपल्या गावातल्या सर्वांत मागे राहिलेल्या वस्तीत जा, तिथल्या बायकांना काय हवं ते विचारा, आणि कामाची सूत्रं त्यांच्याच हाती द्या.