पॅकेज मोठं, पण हातात किती?

"मुलगा नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे म्हणे. म्हणजे करतो काय, आणि मिळवतो किती?" भाचीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल शेजारच्या वहिनी विचारत होत्या. प्रश्न अगदी रास्त!

बँक असो, इस्पितळ असो की कारखाना, तिथले संगणक एकमेकांना जोडलेले असतात. हे जाळं अखंड चालू ठेवायचं, बिघाड शोधायचा, चोरांपासून ते जपायचं, हे त्याचं काम.

अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत मे २०२३ मध्ये या कामाचा मधला पगार वर्षाला ९५,३६० डॉलर होता. म्हणजे निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी. पण रुपयांत गुणाकार करून हुरळून जाऊ नका. तिथलं घरभाडं आणि विमाही डॉलरांतच भरावा लागतो!

पगार ठरतो तो अनुभव, शहर आणि कंपनीचा पसारा पाहून. सिस्को कंपनीची सीसीएनए परीक्षा दिली असेल तर वजन वाढतं. मात्र ते प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं, पुढे पुन्हा अभ्यास आलाच.

तेव्हा वहिनी, नुसतं 'पॅकेज' ऐकून भुलू नका. त्यात कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंडही बहुधा धरलेला असतो. महिन्याला हातात किती पडतात, ते विचारा. रात्री-अपरात्री फोन आला तर उठावं लागतं का, हेही विचारा. संसार त्यावरच चालायचा आहे.

आणि हो, हे काम मुलीही करतात. भाचीलाही विचारून पाहा की!