छोट्या विमानाची वाकडी वाट

आपल्या वर्गात जगाचा नकाशा टांगला आहे. त्यावर बोट ठेवून मी म्हणाले, इंग्लंडहून अमेरिकेला जायचे तर सरळ रेघ मारावी. मधे नुसता समुद्र! पण मुंबईची वैमानिक आरोही पंडित अशी सरळ गेली नाही. का ते गुरुजींनी पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून दाखवले.

तिचे विमान अगदी लहान. एक इंजिन, दोघांची जागा. नाव 'माही'. 30 जुलै 2018 रोजी ती मैत्रिणीबरोबर पंजाबातल्या पटियालाहून जगाला वळसा घालायला निघाली. पण मे 2019 मध्ये अटलांटिक महासागर तिने एकटीने ओलांडला. तेव्हा ती 23 वर्षांची होती.

एवढ्याशा विमानात पेट्रोल किती मावणार? दिनू म्हणाला, कॅन भरून न्यायचे. पण पेट्रोललाही वजन असते. वजन फार झाले तर विमान उठतच नाही. म्हणून आधी थांबे शोधायचे, मग वाट ठरते. ती स्कॉटलंडमधल्या विकहून निघाली. मग आइसलंड, मग ग्रीनलंड, मग कॅनडातले इकालुइट. सुमारे 3000 किलोमीटर झाले. नकाशात हे थांबे लांब लांब वाटतात, कारण सपाट कागदावर उत्तरेचा भाग ताणला जातो. गोलावर बघा, जवळ आहेत. शिवाय प्रत्येक देशाची परवानगी आधी काढावी लागते.

आणि हवा. माझे बाबा टेम्पोने महाबळेश्वरहून महाडला भाजी आणतात. पावसात आंबेनळी घाट बंद झाला की ते वरच थांबतात. जुलै 2021 मध्ये दरडी आल्या तेव्हा मी लहान होते, पण आई सारखी दारात उभी राहायची ते आठवते. बाबांना टेम्पो कडेला तरी घेता येतो. समुद्रावर कडेला कुठे घेणार? खाली बर्फासारखे पाणी. म्हणून हवा खराब असली तर निघायचेच नाही, कितीही दिवस जावोत. आईला हे वाचून दाखवले तर ती म्हणाली, "बरोबर करतात."

ऑगस्ट 2019 मध्ये आरोही अलास्काहून रशियाला गेली. मधे वार बदलण्याची रेषा आहे. ती ओलांडली की एकदम दुसरा दिवस! मला याचीच फार गंमत वाटली.

गोल खाली टेबलावर ठेवला आहे. दोऱ्याला थांब्यांच्या गाठी मारल्या आहेत. पालकांनीही लावून बघावा, फक्त गाठी सोडू नयेत.