हृदयाची नवी झडप : शस्त्रानें कीं नळीनें ?



घरांतील वृद्ध माणूस जिना चढतांना मध्येंच थांबतो, धापा टाकतो, एखादे दिवशीं घेरी येऊन पडतो, आणि आपण म्हणतों, "वयच झालें!" पण कित्येकदां दोष वयाचा नसतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून महाधमनींत रक्त सोडणारी झडप चुन्याच्या थरांनीं ताठलेली असते. औषधानें ती मोकळी होत नाहीं. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या अशा रोग्यांची एक मोठी पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. झडप न बदललेल्यांपैकीं शेंकडा ५१ वर्षाच्या आंत दगावले. नळीनें बदललेल्यांपैकीं ३१.

जुनी रीत १९६० पासूनची. छातीचें हाड कापावयाचें, रक्ताभिसरण यंत्राकडे सोंपवून हृदय थांबवावयाचें, निबर झडप काढून त्या जागीं नवी टांक्यांनीं शिवावयाची. दुसरी रीत फ्रान्समधील रूआं येथें डॉ. आलँ क्रिबिए यांनीं १६ एप्रिल २००२ रोजीं प्रथम योजिली. शस्त्रक्रियेस कोणी धजेना अशा ५७ वर्षांच्या एका अत्यवस्थ गृहस्थाच्या जांघेतील शिरेवाटे त्यांनीं मिटलेली झडप हृदयांत नेली व फुग्यानें उघडली. आज बहुधा जांघेतील धमनीची वाट घेतात.

दोहोंतील खरा भेद छेदाच्या लांबीचा नव्हे. शस्त्रवैद्य जुनी झडप काढून टाकतो. नळीच्या रीतींत ती तेथेंच राहते आणि नवी झडप तिला बाजूस दाबून धातूच्या जाळीच्या ताणावर उभी राहते. छाती उघडावी लागत नाहीं, म्हणून रक्तस्राव थोडा व रोगी लवकर घरीं. उलट, खडबडीत कडेशीं फट राहून रक्त पाझरूं शकतें. आणि ठोक्यांची आज्ञा वाहणाऱ्या तंतूंवर जाळीचा दाब पडल्यास पेसमेकर बसवावा लागतो.

शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या १००० रोग्यांची पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. मृत्यु, पक्षाघात किंवा पुन्हां रुग्णालयांत येणें, यांपैकीं कांहींतरी पहिल्या वर्षांत शस्त्राच्या बाजूस शेंकडा १५ जणांना घडलें, नळीच्या बाजूस सुमारें ९ जणांना. पांच वर्षांनीं हेच आंकडे २७ व २३ झाले. हा फरक निश्चित मानण्याजोगा उरला नाहीं.

मग पुढील वर्षांचें काय ? नळीनें बसवावयाची झडप प्राण्यांच्या ऊतकाची असते. अशी झडप साधारणपणें दहापंधरा वर्षांत झिजूं लागते. शस्त्रवैद्य कृत्रिम, टिकाऊ झडपही बसवूं शकतो. मात्र तिच्यासाठीं रक्त न गोठण्याचें औषध जन्मभर घ्यावें लागतें. ऐंशी वर्षांच्या आजोबांना एक झडप बहुधा पुरेल. पन्नाशीच्या माणसाला दुसरीही लागेल. पहिलीच्या आंत दुसरी नळीनें बसवितां येते, पण वाट अरुंद होते, आणि कधीं कधीं हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचीं तोंडें झांकलीं जाण्याची भीति असते.

म्हणूनच २०२० सालीं अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं पासष्टीच्या आंत शस्त्र, ऐंशीच्या पुढें नळी, आणि मधल्या वयांत रोगी व वैद्य यांचा विचारविनिमय, असा सल्ला दिला. झडपेस जंतुसंसर्ग झाला असेल, किंवा हृदयाचें दुसरेंही काम करावयाचें असेल, तर शस्त्राकडेच कल राहतो.

तेव्हां आपल्या माणसावर ही वेळ आली, तर "कोणती रीत सोपी ?" एवढेंच विचारून थांबूं नका. "ही झडप झिजेल तेव्हां पुढें काय करतां येईल ?" हेंही विचारा. आणि जिन्यांत थांबणाऱ्या माणसाला "वयच झालें" म्हणण्यापूर्वीं त्याची छाती एकदां डॉक्टरांकडून तपासून घ्या.