कपाटातील लॅपटॉप आणि त्याची बॅटरी

न वापरलेली वस्तू झिजत नाही, असा आपला सर्वसाधारण समज आहे. नांगराचा फाळ, शिवणयंत्र, सायकल यांच्या बाबतीत तो बव्हंशी खराही आहे. तेल लावून कापडात गुंडाळून ठेवले की या वस्तू वर्षभराने पुन्हा कामास येतात. लॅपटॉपच्या बॅटरीस मात्र हा न्याय लागू पडत नाही. ती काम करताना झिजते, तशीच स्वस्थ पडून असतानाही झिजते. आणि ती कोणत्या स्थितीत पडून आहे, यावर त्या झिजेचा वेग अवलंबून असतो. २०२० सालच्या टाळेबंदीत मुलांच्या शिक्षणासाठी अनेक घरांत लॅपटॉप आले. पुढे मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरांत गेली आणि त्यांतील कित्येक यंत्रे कपाटात जाऊन बसली. निवृत्तिवेतनधारकाच्या हयातीचा दाखला, एखादा प्रवेश-अर्ज, एखादे विवरणपत्र एवढ्यापुरतीच ती बाहेर निघतात. नेमक्या त्या दिवशी वीज गेलेली असावी आणि यंत्र सुरू होऊन पाच मिनिटांत बंद पडावे, हा अनुभव आता विरळ राहिलेला नाही. नवी बॅटरी घ्यावयाची तर हजारो रुपयांचा खर्च. शिवाय जुन्या नमुन्याची बॅटरी बाजारात मिळेलच, याची शाश्वती नसते.

हा प्रश्न हवामानाशी निगडित असल्यामुळे एखादे विशिष्ट गाव डोळ्यांसमोर ठेवून त्याचा विचार करणे सोयीचे होईल. म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे २३ किलोमीटरवर, कपिला अर्थात काबिनी नदीच्या काठी नंजनगूड वसलेले आहे. श्रीकंठेश्वराच्या देवालयासाठी आणि रसबाळे जातीच्या केळ्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. केळ्यांचा व्यवहार जाणणाऱ्यास जे ज्ञान सहज असते, तेच बॅटरीच्या बाबतीत उपयोगी पडते. दूरच्या बाजारास पाठवावयाचा घड कच्चा असतानाच उतरवावा लागतो, कारण पूर्ण पिकलेले फळ टिकत नाही. आणि उष्ण जागेत तो घड आणखी लवकर बिघडतो. बॅटरीतही परिपूर्णता आणि उष्णता ही दोनच मुख्य कारणे समजून घ्यावयाची आहेत.

लॅपटॉपमध्ये जी बॅटरी असते ती लिथियम-आयन जातीची होय. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या प्रत्येक घटात एका बाजूस धातूच्या ऑक्साइडाचे धनाग्र, दुसऱ्या बाजूस ग्रॅफाइटाचे ऋणाग्र आणि मध्ये सेंद्रिय द्रावकात लिथियमचा क्षार विरघळवून केलेला द्रव असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघून ग्रॅफाइटाच्या थरांमध्ये जाऊन बसतात. यंत्र चालू असता ते परत येतात. घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा विद्युत्‌दाब बहुधा ४.२ व्होल्ट होतो. रिकामा होत आला म्हणजे तो ३ व्होल्टच्या आसपास उतरतो.

आता भरलेल्या घटाची अवस्था पाहा. लिथियमने गच्च भरलेले ग्रॅफाइट रासायनिकदृष्ट्या अतिशय क्रियाशील असते. त्याला लागून असलेल्या द्रवाचे विघटन होऊन त्यावर एक पातळ साय धरते. १९७९ साली इमॅन्युएल पेलेड यांनी तिचे स्वरूप वर्णिले. ही साय एका अर्थाने घटाची रक्षक आहे, कारण तिच्यामुळे पुढील विघटन मंदावते. ती नसती तर असा घट टिकलाच नसता. परंतु ती सावकाश जाड होत राहते, आणि जाड होताना घटातील लिथियम खात जाते. सायीत अडकलेले लिथियम पुन्हा कामास येत नाही. तिकडे धनाग्राशी उच्च दाबामुळे द्रवाचे ऑक्सिडीकरण होते आणि काही प्रमाणात वायूही निर्माण होतो. या सर्व क्रिया यंत्र बंद असतानाही चालूच राहतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील परिचित ठोकताळा येथेही लावता येतो.

या क्षेत्रात वारंवार दिल्या जाणाऱ्या एका कोष्टकातील आकडे बोलके आहेत. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सियस तापमानात वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के धारणाशक्ती शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्केच उरते. तापमान ४० अंश असेल तर हे आकडे अनुक्रमे ८५ व ६५ टक्क्यांवर येतात. म्हणजे केवळ कपाटात ठेवण्याच्या चुकीच्या पद्धतीने, एकदाही न वापरता, वर्षभरात बॅटरीचा एक-तृतीयांश भाग गमावता येतो. निरनिराळ्या बनावटींत हे आकडे थोडेफार बदलतील, परंतु त्यांची दिशा बदलत नाही.

येथे नंजनगूडकरांस निसर्गाने झुकते माप दिले आहे, असे म्हणावयास हवे. म्हैसूरच्या पठारावर मार्च-एप्रिलात उन्हाळा जाणवतो खरा, परंतु पारा सहसा चाळिशी गाठत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तो ४५ च्या पुढे जातो. तेथील बंद घरात पूर्ण भरलेला लॅपटॉप ठेवून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. तथापि पठारावरही एक अडचण आहे. २०१९ च्या ऑगस्टात काबिनी धरणातून सोडलेल्या पाण्याने नंजनगूडच्या नदीकाठच्या वस्तीत पूर आला. अशा ठिकाणी मोलाची वस्तू माळ्यावर ठेवण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. पण कौलांखालची किंवा पत्र्याखालची जागा हीच घरातील सर्वांत तापणारी जागा असते. सबब पावसाळ्यापुरते यंत्र वर गेले तरी हरकत नाही. उन्हाळ्यात मात्र ते खालच्या खोलीतील, भिंतीला ऊन न लागणाऱ्या बाजूच्या कपाटातच असावे. फ्रिजमध्ये ठेवण्याची युक्ती काही लोक सांगतात. ती मानू नये. बाहेर काढल्यावर यंत्राच्या अंतर्भागात दव धरते आणि बॅटरी वाचविण्याच्या नादात यंत्रच जाते.

पूर्ण भरून ठेवणे वाईट, तसेच पूर्ण रिकामे ठेवणेही वाईट. बॅटरी आपोआप थोडीथोडी उतरत असते, आणि तिच्या संरक्षणासाठी बसविलेला लहानसा परिपथही थोडी वीज घेत असतो. आधीच रिकामी असलेली बॅटरी काही महिन्यांत ३ व्होल्टच्याही बरीच खाली जाते. मग ऋणाग्रामागील तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो, आणि पुढे चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी साचून घटाच्या आतच विद्युत्‌मार्ग जुळण्याचा धोका असतो. म्हणूनच फार खाली गेलेली बॅटरी संरक्षक परिपथ स्वतःच बंद करून टाकतो. अशी बॅटरी बाहेरून वीज देऊन जिवंत करण्याची खटपट घरी करू नये.

जुन्या सवयी येथे फार दिशाभूल करतात. घरातील इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी नेहमी भरलेलीच ठेवावी लागते. ती रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक धरतात. निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या करण्याचा सल्ला दिला जाई, आणि त्या बॅटऱ्यांपुरता तो योग्यही होता. हे दोन्ही उपदेश लोक लिथियमच्या बॅटरीसही लावतात, आणि दोन्ही तिला अपायकारक आहेत.

तेव्हा यंत्र कपाटात ठेवण्यापूर्वी ते वापरून बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणावी. नंतर ते पुरते बंद करावे. नुसते झाकण मिटल्यास ते बहुधा झोपेच्या अवस्थेत जाते आणि काही दिवसांत बॅटरी संपवून टाकते. माऊसचा लहान ग्राहक किंवा अन्य काही जोडलेले असल्यास काढून घ्यावे. जुन्या नमुन्यात बॅटरी सुटी होत असेल तर ती काढून कागदात गुंडाळावी आणि नाणी, किल्ल्या यांच्यापासून दूर ठेवावी. पिशवीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी, कारण पुढचे काम स्मरणशक्तीवर सोडण्याजोगे नाही: दर तीन महिन्यांनी यंत्र सुरू करून पाहावे आणि बॅटरी २०-३० टक्क्यांवर आली असल्यास पुन्हा निम्मी भरावी. अॅपल ही कंपनी आपल्या ग्राहकांस याहून सैल, सहा महिन्यांची मुदत सांगते. आपल्याकडील उन्हाळा आणि जुनी यंत्रे लक्षात घेता तीन महिनेच बरे. हयातीचा दाखला किंवा अर्ज भरावयाचा दिवस आला, की आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरण्यास काहीच प्रत्यवाय नाही. एका रात्रीची परिपूर्णता तिला बाधत नाही, महिनोन्‌महिन्यांची बाधते.

कपाटातून काढलेल्या यंत्राचे झाकण नीट मिटत नसेल, कळफलक मध्यभागी उचललेला दिसत असेल किंवा तळ फुगला असेल, तर आत वायू साठून बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये आणि चार्जरला तर मुळीच जोडू नये. पुराच्या पाण्यात भिजलेल्या यंत्रासही हाच नियम आहे, मग ते वरून कितीही कोरडे दिसो. अशी बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. ती घरच्या कचऱ्यात टाकावयाची नसते: २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन-केंद्राकडे किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावयाच्या आहेत. तोपर्यंत ती माती किंवा वाळू घातलेल्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, सावलीत ठेवावी.