कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

कॉम्प्युटर चालू केला, पंखा फिरला आणि काळ्या स्क्रीनवर मेसेज आला, 'नो बूटेबल डिव्हाइस'. मग कुणीतरी सांगतं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." आणि लग्नाच्या फोटोंपासून दुकानाच्या हिशोबापर्यंत सगळं जातं. खरं तर बऱ्याचदा डेटा डिस्कवर जागच्या जागी असतो. बिघडलेली असते ती फक्त अनुक्रमणिका.

ही अनुक्रमणिका म्हणजे पार्टिशन टेबल. सी ड्राइव्ह कुठे सुरू होतो, डी कुठे, हे त्यात लिहिलेलं असतं. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटपैकी फक्त ६४ बाइट या टेबलासाठी असतात. तेवढा तुकडा खराब झाला की भरलेली डिस्कही कॉम्प्युटरला रिकामी दिसते. नव्या जीपीटी पद्धतीत टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

मग करायचं काय?

१. आधी बायोसमध्ये डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर केबल सैल असेल किंवा डिस्कच खराब असेल. दिसत असेल तर यूईएफआय आणि लेगसी यातला मोड बदललाय का तपासा. मदरबोर्डवरचा सेल उतरला की जुनी सेटिंग पुसली जाऊ शकते.

२. मग डेटा वाचवा. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. विंडोजने 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइज' करू का विचारलं, तर कॅन्सल करा. 'टेस्टडिस्क' हे मोफत सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशन शोधतं. त्यातल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, टेबल पुन्हा लिहायचं ते त्यानंतरच.

३. पार्टिशन शाबूत आहेत, पण विंडोज सुरू होत नाही? किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा सेटअप घ्या, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि 'इन्स्टॉल' नव्हे, 'रिपेअर'मधलं 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागू शकते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

एसएसडी असेल तर जास्तच जपा. फॉरमॅट केल्यावर जुना डेटा ती स्वतःच पुसून टाकते, मग तो परत मिळणं जवळपास अशक्य. म्हणून दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला : "आतला डेटा हवाय, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका."